टाकलेल्या दाराचा चौरंग

टिण्.

उपटलेला खिळा स्टीलच्या वाटीत पडला तशी मयुरीने श्वास रोखून आत पाहिलं. लेक, ईशू, कुशीवर वळली आणि पुन्हा झोपली. पलीकडे सासूबाईंचं, पुष्पाबाईंचं, घोरणं सुरूच होतं. दुपारचा एवढाच वेळ तिचा स्वतःचा. तिने पुढचा खिळा जंबुरात धरला, आणि या खेपेला तो पदरात झेलला.

श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसायच्या आधी धुळ्यातलं अख्खं देवपूर घरं काढतं. भिंती धुवायच्या, रंगवायच्या आणि जुनंपुराणं रस्त्याच्या कडेला लावायचं. घंटागाडी यायच्या आत मयुरी एक फेरी मारायची. दाराशी ठेवलेला बाक मोडक्या खाटेच्या पायांचा होता, भांड्यांची मांडणी कुणाच्या तरी जुन्या खिडकीची. यंदा मात्र घबाड मिळालं होतं. पाडलेल्या धाब्याच्या घराचं सागाचं दार, निळ्या रंगाचं. मायलेकी ते ओढत आणत होत्या तेव्हा शेजारच्या कुंदाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "दार झालं, आता भिंती कुठून उचलणार गं?"

"तुमच्याच पाडते, काकू. चौरंग करायचाय कानबाईला. आणि दोन पाट."

"दोन?" कुंदाबाईंचा आवाज जरा खाली आला. "म्हणजे हितेंद्र येतोय पूजेला?"

पूजेला जोडप्याने बसायचं असतं. मयुरी हसली आणि दार ओढत राहिली.

करवत, रंधा, पटाशी, सगळं हितेंद्रचं. जुन्या लाकडाला नवं रूप द्यावं ते त्यानेच. पण लोकांना प्लायवूडची कपाटं हवी झाली, आणि तो तीच करायला सुरतेला गेला. गेल्या कानबाईला आला होता, तो निघताना दिवाळीला येतो म्हणाला. दिवाळी गेली, होळी गेली. फोन आधी रोज यायचा, मग रविवारचा, आता यायचा तेव्हा.

तो असताना करवत तो चालवायचा आणि फळीचं दुसरं टोक ती धरायची. "हलू नको, तू हललीस की रेघ हलते," म्हणायचा, आणि मग मुद्दाम तिला हसवायचा. आता ती फळीवर पाय रोवून उभी राहायची. रेघ थोडी वाकडी जायचीच.

"हाई काय आनं व?" पुष्पाबाई दारात उभ्या होत्या. झोपेतून उठून थेट इथेच. "लोकस्नं टाकेल दार शे हाई. तेनावर कानबाई बसाडशी?"

"साग आहे, आई. नवं घ्यायला गेलो तर असं मिळणार नाही."

पुष्पाबाई खाली बसल्या. लाकडावरून अंगठा फिरवला, वास घेतला. मग म्हणाल्या, "रंधा मार मंग चांगला. लोकस्ना हात लागेल शे, तेवढं निंघी जाऊ दे." आणि फळीचं दुसरं टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं.

मयुरीने मान खाली घालून रंधा ओढला. निळ्या सालींखालून तांबूस साग उघडा पडत गेला.

शनिवारी, कानबाईच्या आदल्या दिवशी, चौरंग उभा राहिला, पाटही झाले. तिने फोटो पाठवला. तासाभराने हितेंद्रचा फोन.

"कशाला हात फोडून घेतेस? इथून नवीन आणू की. लॅमिनेट मारलेलं, एकदम गुळगुळीत."

"उद्या येताय ना?"

मागे यंत्र किंचाळत होतं. "बघतो गं. मालक सोडतो का ते बघतो. गाडी मिळाली तर."

आणू म्हणजे कधी, कुठल्या घरात, हे तिने विचारलं नाही. ईशूला बोलायचं होतं, तोवर फोन बंद झाला होता.

संध्याकाळी पुष्पाबाई कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू घेऊन परातीशी बसल्या. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू घालायचे. त्या पिठाचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेर कुणाला द्यायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत.

"प्रेमराज," त्यांनी थोरल्याचं नाव घेतलं. तो सकाळी दोंडाईच्याहून येणार होता. मग त्याच्या मुलाचं. मग न थांबता, "हितेंद्र," आणि ही मूठ इतकी भरलेली की दाणे बोटांच्या फटींतून सांडले.

ईशू ते दाणे एकेक करून वेचत होती. वेचता वेचता तिचा हात थांबला.

"मम्मी, पप्पा आले नाहीत तर त्यांचा रोट कोणी खायचा?"