जुन्या चर्चचं माळवद

मी जुनं चर्च बोलतोय. अजून पडलो नाही, म्हणून बोलतोय.

लातूरजवळच्या मुरुडच्या अलीकडे, गावकुसाबाहेरच्या वस्तीत मला निजामाच्या काळात बांधलं. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. दर साल मिरगाच्या आधी त्यावर पांढरी माती टाकावीच लागते, नाहीतर ते गळतं आणि एक दिवस बसतं. म्हणून रीत पडली : घरटी एक पाटी माती.

बहात्तरच्या दुष्काळात आभाळात ढग नव्हता. माणसं दिवसभर खडी फोडायची, सरकारी सुकडी खायची, तरी पाटी आणायचीच.

मग लातूर जिल्हा झाला आणि आमच्या पंचांच्या अंगात आलं. लांब सडकेला सिमेंटचं नवं चर्च उभं राहिलं. दारावरच्या संगमरवरात पंचांची नावं ठळक, येशूचं त्यांच्या खाली.

मला पाडायची हिंमत एकालाही नाही. बापजाद्यांनी बांधलेलं ना! मग थोरले पंच केरबा यांनी अक्कल लढवली : यंदा माती कुणी टाकायची नाही. पाडील पाऊस, पाप त्याच्या माथी. घरोघर माना डोलल्या.

एकट्या सरजाबाईची नाही. तिची सासू नागुबाई आंधळी. भिंती चाचपत माझ्यापर्यंत येते, सडकेपर्यंत तिला जमत नाही. मी बसलो की तिची उपासना बंद.

पंचांनी शिडीसुद्धा रंगकामाला म्हणून सडकेला नेली. सरजाबाईनं उपदेशाचं लाकडी व्यासपीठ बाहेर ओढलं, त्यावर पाय दिला आणि चढली. खाली नागुबाई चाचपून पाटी भरायची, वरून ही दोरानं ओढायची.

केरबा धावत आला. "वहिनी, त्याच्यावर पाय देताव? पाळकसाहेब उभे राहतेत तिथं!"

"लई बोलले त्याच्यावरून, भाऊजी. आता जरा कामाला येऊ द्या."

"आवं, नवा जिल्हा झालाय. जुनं पडू द्या की!"

"तू बी जुनाच हाईस की रं केरबा," खालून नागुबाई म्हणाली. "तुला कधी पाडायचं?"

केरबा सडकेकडं निघून गेला. वस्तीतलं दुसरं कुणी पाटी घेऊन आलं नाही. आपापल्या दारात उभं राहून बघत होते, शूर लोक.

अर्धं माळवद झाकून झालंय. अर्धं उघडं आहे, आणि ढग जमलेत. पंचहो, मला पाडायचंच असेल तर पहारी घेऊन दिवसाढवळ्या या. आत नागुबाई प्रार्थनेला बसलेली असताना या. पावसाच्या आडून येऊ नका.