शेवटची अकरा मिनिटं

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे, आणि माझ्या पोटात एका भुताची प्रेमकथा आहे. हसू नका मित्रांनो. एके काळी माझ्यासाठी लोक दुकानात आठ-आठ दिवस आधी नाव लावून ठेवत.

गोष्ट तशी साधी. एका घरात जुन्या भाडेकरूचं भूत असतं. मेल्यावरही ते घर सोडत नाही. तिथे एक शिंपीण राहायला येते. भुताला भिंतीतून आरपार जाता येतं, पण स्वभाव भिडस्त, त्यामुळे ते दर वेळी दार वाजवतं. ती वैतागते, भांडते आणि भांडता भांडता त्याच्या प्रेमात पडते. शेवटी त्याची जायची वेळ होते. ते उंबरठ्यावर उभं राहून विचारतं, "जाऊ मी?" त्यापुढचं बघून भलेभले डोळे पुसायचे.

माझ्या दुकानदाराला सगळे रिवाइंडशेठ म्हणत. कॅसेट सुरुवातीपर्यंत उलटी गुंडाळून आणली नाही, तर तो गिऱ्हाइकाला सगळ्यांसमोर झापायचा. एरवी तो लग्नाचं शूटिंगही करायचा. त्याच्याकडे एक जोडपं नेहमी येई. नवरा छापखान्यात होता, बायको टेलिफोन ऑफिसात. ती दोघं मला इतक्या वेळा घेऊन गेली, की एक दिवस शेठ म्हणाला, "वहिनी, ही माझ्यापेक्षा तुमच्याकडेच जास्त असते. ठेवून घ्या." अशी मी त्यांच्या घरची झाले.

त्या घरात एक रीत होती. भुताने "जाऊ मी?" विचारलं रे विचारलं, की बाई सोफ्यावरूनच ओरडायची, "अजिबात नाही!" आणि खटकन बटण दाबायची. पुढची ताटातूट तिला बघवायची नाही. मग माझी उलटी गुंडाळी आणि चहा. त्यांना एक मुलगी झाली. तिला चिऊ म्हणत. बोलता येऊ लागल्यावर तीही आईबरोबर ओरडू लागली. मला त्या घरात फार सुख लाभलं.

चिऊ पाच वर्षांची असताना बाईच्या छातीत दुखणं निघालं. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही. एका दुपारी, नवरा छापखान्यात आणि चिऊ शाळेत असताना, तिने रिवाइंडशेठला बोलावून घेतलं. माझ्या पाठीवर एक छोटी प्लास्टिकची खिट्टी असते. ती मोडलेली असली, की माझ्यावर दुसरं काही भरता येत नाही. माझी मोडलेलीच होती. शेठने त्या खाचेवर चिकटपट्टी लावली, आपला कॅमेरा आमच्या व्हीसीआरला जोडला, आणि भुताच्या प्रश्नानंतरचा सगळा भाग पुसून तिथे बाई भरली.

ती अकरा मिनिटं बोलली. मध्ये खोकली, पाणी प्याली, वेणी कशी घालायची ते स्वतःच्या केसांवर करून दाखवलं. नवऱ्याला ओरडलीही, "गरम पाण्याशिवाय अंघोळ करू नका, सर्दी होते तुम्हाला." मग शेठला म्हणाली, "भाऊ, कुणाला सांगू नका. मी गेल्यावर बटण कोण दाबणार? फिल्म आपोआप पुढे जाईल आणि मी भेटेन त्यांना."

शेठने शब्द पाळला. बाई दीड महिन्यात गेली. पुढे दुकान बंद करून शेठही दुसऱ्या गावी गेला. त्याला वाटलं असेल, एव्हाना त्यांना सापडलं.

चिऊच्या बाबांनी मला पहिल्यांदा लावलं ते बाई गेल्यावर वर्षाने. मी जीव मुठीत धरून फिरत होते. भूत उंबरठ्यावर आलं. "जाऊ मी?" बाबा म्हणाले, "अजिबात नाही," आणि त्यांनी बटण दाबलं. तिची रीत त्यांनी मोडली नाही. पुढे कितीतरी वर्षं मोडली नाही. बाई माझ्या डाव्या चाकावर, सगळ्यात आत, तशीच गुंडाळलेली राहिली.

एकदा चिऊने विचारलं, "बाबा, आईचा आवाज कसा होता हो? मला आठवतच नाही." बाबा म्हणाले, "गोड होता गं." मी टीव्हीखालीच होते. मला तोंड असतं, तर मी छप्पर डोक्यावर घेतलं असतं.

मग व्हीसीआर बिघडला, दुरुस्त करणारे उरले नाहीत, आणि मी कपाटावर गेले. तिथे ओल होती. माझा जो भाग कधी फिरलाच नाही, त्यावरच बुरशी जास्त धरली.

मागच्या महिन्यात बाबा गेले. आवराआवरीत मी चिऊच्या हाती लागले. आता तिच्या केसांत पांढरं दिसतं. कॅसेटवरचं उतरवून देणाऱ्या माणसाकडे ती मला घेऊन गेली. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं.

"ताई, ही पट्टी कोणी लावली? वरून काही भरलंय का?"

"नाही हो. दुकानातलीच असेल. आमच्याकडे कॅमेरा कधी नव्हताच."

"शेवटी बुरशी आहे. साफ करायला वेळ लागेल."

"शेवट नकोय मला. भूत दारात उभं राहतं ना, तिथपर्यंतच द्या. आमच्याकडे पुढचं कुणी बघत नाही."

त्याने तेवढंच उतरवलं. चिऊने दुकानातच ते लावून पाहिलं, हसली, रडली आणि हळूच म्हणाली, "अजिबात नाही." मी परत हवी का, असं त्याने विचारलं. तिने मला हातात घेतलं, माझ्यावरची धूळ पुसली आणि खाली ठेवलं. "राहू दे. आता काय करायचीय?"

मी आता त्याच्या टेबलाखालच्या खोक्यात आहे. सोमवारी भंगारवाला येतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं काही जुनं असेल, तर टाकण्याआधी एकदा, फक्त एकदा, शेवटपर्यंत चालू द्या. मी विनवणी करते आहे, कारण जिला करायला हवी होती ती माझ्या आत बसली आहे. खोकला आवरत, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येत ती म्हणते आहे, "चिऊ, बंद नको करूस हं. माझं अजून बोलून झालं नाही."