काचेवरची गोपद्मं

“काचेला उघडं बोट लावायचं न्हाई. लागलंच, तर लगेच पुसायचं.”

महाळुंग्याच्या कारखान्यात पहिल्याच दिवशी सोपानराव मुकादमांनी सांगितलेलं कोंडीरामांच्या अंगात मुरलं होतं. गाड्यांच्या काचा तपासण्यात जन्म गेला. आता रिटायर झाले, तरी पिंपळे सौदागरच्या दुकानात कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर ते हात मागे बांधूनच उभे होते.

“काका, लॅपटॉप घ्या ना. कुठंही उचलून नेता येतो,” दुकानातली करिष्मा म्हणाली.

“उचलणार कोण, बाई? एका जागी राहणारा दाखव. आणि वायरी कमी. हिचा पाय अडखळतो.”

ही म्हणजे कस्तुरा, शेजारच्या खुर्चीत. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून तिचा उजवा हात मांडीवर परक्यासारखा पडून असायचा. मोठ्या टचस्क्रीनवर बोटानं चित्रं काढू द्या, हात सुटेल, असं व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं. कस्तुराच्या मनात मात्र वेगळंच होतं. उद्यापासून चातुर्मास. लग्न झाल्यापासून ते चार महिने रोज देवापुढे गोपद्मं, गाईच्या खुरांची रांगोळी, काढायचा तिचा नेम. बाळंतपणातही तिनं तो सासूकडून करवून घेतला होता. यंदा चिमटीत रांगोळीच धरवत नव्हती. दवाखान्यात तिचे डोळे भरून आले, तेव्हा कोंडीराम बोलून गेले होते, “तुझा नेम मोडू देणार नाही.” कसा, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

“मग हा ऑल-इन-वन बघा. सगळं पडद्यातच, खाली डबा नाही.”

“पडदा आडवा होतो का? हिला वाकून काढता यायला हवं.”

करिष्मानं तो जवळजवळ पाटासारखा निजवला. “काढा, काकू.”

कस्तुरानं डाव्या हातानं उजवा उचलून काचेवर ठेवला. बोट थरथरत सरकलं, मागे पांढरी रेघ उमटली. एक खूर झाला, मग दुसरा. वेडेवाकडे, पण गाईचेच.

“आलं की वो,” ती जड जिभेनं म्हणाली.

कोंडीरामांना दिसले ते काचेवरचे बोटांचे डाग. नकळत त्यांनी रुमाल काढला आणि तळव्यानं दाबून फिरवला. खुरांवरून जाडजूड पांढरा पट्टा ओढला गेला.

“काका, गाय पळवून लावलीत,” करिष्मा हसली. “थांबा, परत आणते.” तिनं कोपऱ्यात बोट टेकवलं, पट्टा नाहीसा झाला.

कोंडीराम रुमाल मुठीत धरून उभे राहिले.

“अजून कामावरच हायेत,” कस्तुरा करिष्माला म्हणाली. मग थकून मागे टेकत, हळूच, “पर ह्ये देवापुढचं न्हवं. ते जमिनीवर लागतंय.”

त्यांनी रुमाल शर्टाच्या खिशात घातला. “हाच दे,” एवढंच करिष्माला म्हणाले.

संध्याकाळी दुकानाचा माणूस संत तुकाराम नगरच्या घरी येऊन देव्हाऱ्याजवळच्या टेबलावर तो बसवून गेला.

सकाळी आंघोळ करून कोंडीरामांनी पडदा आडवा केला आणि कस्तुराची खुर्ची जवळ ओढली.

“एक काढून दाखव. सुरुवात कुठनं करायची?”

“तुमी काढनार?”

“मग कोण? गुडघे कुरकुरतील, कुरकुरू देत.”

पुष्कळ वेळ घेऊन तिनं एक खूर पुरा केला. काच डागाळली. रुमाल खुंटीवरच्या शर्टात होता. कोंडीरामांनी काचेकडे एकदा नीट पाहून घेतलं, रांगोळीच्या वाटीत बोटं घातली आणि गुडघ्यावर हात टेकत देवापुढे खाली बसले.