नाबोथचा मळा, डीकनचा भाव

या, जरा जवळ सरका, एक गोष्ट ऐकवतो. फजिती माझीच आहे, म्हणून आवाज थोडा खाली ठेवतो.

मी अलोन्झो पेटवे, निवृत्त दंतवैद्य आणि आमच्या चर्चचा डीकन, म्हणजे पास्टरांच्या हाताखालचा सेवक. लॉस एंजलिसच्या या टेकडीवर माझ्या वडिलांनी घर घेतलं तेव्हा इथे सगळे गोरे. आम्हाला पाहून एकेक करत ते टेकडी उतरले, आणि वर आले आमचे काळे डॉक्टर, वकील, मुख्याध्यापक. आता त्या उतरलेल्यांची नातवंडं पुन्हा वर चढतायत. त्यांच्या अंगणातलं वाळकं गवत पाहून आम्ही अगदी त्यांच्या आजोबांसारखे पडद्याआडून कुजबुजतो, "वस्ती बिघडली हो."

माझी मुलगी रेनिटा टेकडीखालच्या शाळेत शिकवते आणि राहते दोन तासांवर, भाड्याच्या घरात. शेजारच्या अर्नेस्टीन बुलकबाई मुलाकडे अटलांटाला जायला निघाल्या होत्या. त्यांनीच रेनिटाला लहानपणी वाचायला शिकवलेलं. "पोरी, तुला परवडेल त्यात घर देईन," असा त्यांनी शब्द दिला होता.

अशात एका रविवारी आमच्या पास्टरनी प्रवचनाला बायबलातली नाबोथची कथा लावली. राजा म्हणतो, तुझा द्राक्षमळा मला दे. नाबोथ म्हणतो, बापजाद्यांची जमीन आहे, देणार नाही. आधी पास्टर साधं बोलत होते. मग सूर लागला, मागून ऑर्गन धावू लागला, आणि "देणार नाही" एवढंच त्यांनी असं आळवलं की मी रुमाल हलवत उभाच राहिलो. देव माझ्याशी सुरातच बोलतो. गद्यात बोलला तर मला डुलकी लागते.

त्याच भरात मी दारोदार फिरलो. "घर विकू नका," म्हणालो. इथवर नाबोथ होता. पुढचं माझं: "आणि विकायचंच झालं, तर त्या लोकांना स्वस्तात देऊ नका. दुप्पट मागा, देतील."

लोकांनी पहिलं वाक्य चर्चमध्ये ठेवलं, दुसरं घरी नेलं. कोपऱ्यावरचं घर मी सांगितलेल्या भावाने गेलं, मग त्याच्या शेजारचं. मी फुशारकीने रेनिटाला फोन केला.

"डॅडी," ती म्हणाली, "मी टाळ्या वाजवू की रडू?"

मला तेव्हाही उमगलं नाही. उमगलं ते बुलकबाईंनी व्हरांड्यात बोलावलं तेव्हा.

"डीकन, बसा. मुलगा म्हणतो, या भावात विकलं तर माझ्या म्हातारपणाची, नर्सची सगळी सोय होते. रेनिटाला दिलं तर होत नाही."

"पण तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. तेव्हा हा भाव नव्हता. तो कोणी वाढवला, मुलाने विचारलं. मी म्हटलं, आमचे डीकन फार रसाळ बोलतात."

"मी ते गोऱ्यांसाठी म्हटलं होतं, बाई."

"भाव काय माणसाचा रंग बघून थांबतो होय?"

मी घरी येऊन कमी पडतील ते पैसे आपण घालू म्हणून बेरीज मांडली. आजच्या भावात मला माझंच घर परवडलं नसतं.

आता बुलकबाईंच्या घरात एक गोरं जोडपं आहे. माणसं गोड. आमच्यात नव्या शेजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जात नाहीत, म्हणून मी लोण्याचा केक घेऊन गेलो. तो पोरगा अनवाणीच दारात आला. "दलाल म्हणत होता, इथले लोक भावाला फार पक्के आहेत."

"असतात एकदोघं," मी म्हटलं.

रेनिटाने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. माझ्याकडेच राहायला ये म्हटलं तर हसून म्हणाली, "नवरा, दोन पोरं आणि तुमचे सल्ले, एवढं एका घरात मावायचं नाही." सोमवारी उजाडायच्या आत ती शाळेच्या दोन तासांच्या वाटेसाठी पुन्हा गाडीत बसलेली असते.

प्रार्थनेला बसाल तेव्हा माझं राहू द्या. रेनिटाची तेवढी आठवण ठेवा.