लोकरी झगा घातलेलं कपाट

आमच्या बंदरगावातला वारा असा, की समुद्रपक्षी उडायचं सोडून चालत घरी जातात. हे खोटं वाटलं तर वाटू द्या. पुढचं खोटं असतं तर फार बरं झालं असतं.

परीक्षेच्या सकाळी मॉर्वेन स्वयंपाकघरात उभी होती. तिची आई जीन जुना टॉवेल कापून घड्या घालत होती. बाप बोटीवरचा, वादळांमुळे बोटी धक्क्याला बांधलेल्या. घरात चहा होता, पाव होता. पाळीचे पॅड विकत आणणं मात्र केव्हाच बंद झालं होतं.

"आई, हे टिकत नाही गं. शाळेत फुकट मिळतात."

"फुकट? उद्या सगळा धक्का म्हणेल, जीनची पोर भिकेला लागली! लापशी खा नि नीघ. आज पेपर हुकला, तर माझ्यासारखी जन्मभर मासे कापशील."

शाळेतली सोय चर्चच्या महिला मंडळाची. पाद्र्याच्या बायकोने, गॅल्ब्रेथबाईंनी, गावोगाव फिरून पॅडची खोकी जमवली आणि एका कपाटात भरली. मग बायकांनाच लाज वाटली. त्यांनी कपाटाला नखशिखांत लोकरी झगा विणून घातला, ते शाळेच्या पुढच्या दालनात मांडलं, आणि उधळपट्टी नको म्हणून किल्ली शिपाई मन्रोकडे सोपवली. मन्रो इतका बहिरा, की धुक्यातला भोंगा वाजला तर त्याला वाटे, कुणीतरी शिंकलं.

शाळेच्या चढावरच टॉवेलने दगा दिला. मॉर्वेन दालनात पोचली तेव्हा ते मुलांनी गच्च भरलं होतं.

"किल्ली हवीय," ती पुटपुटली.

"मोठ्यानं बोल, पोरी!"

"कपाटाची!"

"कशाला?" मन्रो गरजला. माणूस वाईट नव्हता. कारण विचारायचं, असा मंडळाचा नियमच होता.

"कपाटाला थंडी वाजतेय, शाल पांघरायला आलीय!" मागून एकजण ओरडला. अख्खं दालन खिदळलं.

"सांग ना, बाळ. कशाला?"

मॉर्वेनने कोट कमरेला गुंडाळला आणि ती उतार उतरून घरी गेली. पेपर तिच्यावाचून झाला.

पुढच्या हिवाळ्यात मंडळाची सभा भरली. गॅल्ब्रेथबाई उभ्या राहिल्या. "भगिनींनो, कपाटातला एकही पुडा हललेला नाही! आपल्या गावात गरजू मुलगीच नाही, देवाचे आभार!" खोकी दूरदेशीच्या गरीब मुलींना धाडायचं ठरलं. टाळ्या पडल्या. शेजारणी बघत होत्या, म्हणून जीननेही वाजवल्या.

खोकी बांधायला मासळी कारखान्यातली चपळ हाताची पोर हवी होती. मॉर्वेनला बोलावलं. नेमकी त्या दिवशीही तिच्या कमरेला टॉवेलचीच घडी होती. तिने एखादा पुडा गुपचूप खिशात सारला असेल, असं वाटतं ना तुम्हाला?

छे. तिने सगळे मोजून बांधले. आमच्या गावच्या पोरी फार प्रामाणिक, हे आम्ही अजूनही मोठ्या अभिमानाने सांगतो.