चारच्या आत आठ स्प्रिंगा

माझ्या नाकावर राग असतो, हे मी नाकारत नाही. बायको म्हणते, नाक आहे की खुंटी, सदा काहीतरी टांगलेलं असतं. पण त्या शनिवारी मी रागात नव्हतो. मी घाईत होतो, आणि घाईतला मी रागातल्या माझ्यापेक्षा वाईट.

दुपारी चारला आईला आणायचं होतं. बाबा गेल्यापासून सहा वर्षं ती दादाकडे राहत होती. आता दादाची बदली झाली, तेव्हा तो म्हणाला, "आई आमच्याबरोबरच येईल. तुला नाही झेपायचं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, आईलाच विचार. तर आई त्याला म्हणाली, "तू त्यालाच विचार बाबा, त्याला चालेल का. माझ्यामुळे उगाच त्याची चिडचिड नको." दादाने ते मला मुद्दाम जसंच्या तसं ऐकवलं. आठ दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना. मी आईला फोन केला, "चालेल का म्हणून काय विचारतेस? शनिवारी चारला दारात गाडी उभी करतो आणि पुढच्या सीटवर बसवून आणतो तुला." ती "बरं" म्हणाली. तिला ते खरं वाटलंय असं काही मला वाटलं नाही.

आणि शुक्रवारी संध्याकाळी गाडीने दगा दिला. चढावर इंजिन लंगडायला लागलं. घरी आणून वरचं झाकण उघडलं तर दोन नंबरच्या सिलिंडरची एक वॉल्व्ह स्प्रिंग तुटलेली. बाकीच्या सातही तिच्याच वयाच्या. शहाणा माणूस टॅक्सी करून आईला घेऊन आला असता. मी दुकान बंद व्हायच्या आत धावत जाऊन आठही स्प्रिंगा घेऊन आलो. दादासमोर टॅक्सीतून उतरायचं? त्यापेक्षा इंजिन खांद्यावर घेऊन गेलो असतो.

शनिवारी सातला अंगणात बॉनेट उघडलं. बायको दवाखान्यात नोंदणीला असते, ती आठला निघून गेली. जाताना म्हणाली, "घाई करू नकोस." घाई करू नको म्हटलं की माझी घाई दुप्पट होते, हे लग्नाला सोळा वर्षं झाली तरी तिला कळत नाही.

हे काम घाईचं नाहीच. वॉल्व्ह म्हणजे इंजिनाची दारं, आणि स्प्रिंग ती दारं लावून घेते. स्प्रिंग काढली की वॉल्व्ह मोकळा, हात चुकला की तो खाली सिलिंडरमध्ये, आणि मग सगळं इंजिन उतरवा. म्हणून घरी हे करताना दोरी लागते. प्लग काढायचा, त्याच्या भोकातून मऊ सुती दोरी आत सारायची, तिचं टोक बाहेर ठेवायचं, आणि खाली पाना लावून पिस्टन हाताने वर आणायचा. आत दोरी चेपून बसते आणि वॉल्व्हला खालून आधार देते. मग तरफेने स्प्रिंग दाबायची. वॉल्व्हच्या दांड्याला धरून बसलेली दोन लॉक असतात, शेंगदाण्याच्या फाकेएवढी. ती चुंबकाने उचलायची, जुनी स्प्रिंग बाहेर, नवी आत, पुन्हा दाबायची, आणि लॉकना ग्रीस लावून जागच्या जागी बसवायचं. एका वॉल्व्हला दोन लॉक. आठ वॉल्व्ह, सोळा लॉक. एकेकाला अर्धा तास धरला तरी चार तास. मी स्वतःला दहादा हा हिशेब सांगितला आणि दहाही वेळा घड्याळ बघितलं.

त्यात चौकशी खिडकी. हा आमच्या शेजारचा, माझ्याच वयाचा, रात्रपाळीचा माणूस. दिवसा झोपायचं सोडून लोकांच्या कामात नाक खुपसतो, म्हणून गल्लीने त्याला हे नाव ठेवलंय. नऊला आला, "काय उघडलंस?" दहाला आला, "अजून उघडंच?" अकराला आला आणि बॉनेटच्या तोंडाशी उभा राहून म्हणाला, "दोरी आत राहिली तर रे?" मी म्हटलं, "तुझ्या तोंडात कोंबायला दुसरी आणीन." तो हसत गेला. त्याला काही लागत नाही, हीच तर पंचाईत.

शिवाय फोन. खिडकीत ठेवलेला, वाजायला लागला की वाजतच राहायचा. माझे हात कोपरापर्यंत काळे, एका हातात दाबलेली तरफ. सोडली तर स्प्रिंग कुठे उडेल सांगता येत नाही. वाज म्हटलं, किती वाजायचं ते. तो पाचदा वाजला.

साडेबाराला, पाचव्या वॉल्व्हवर, एक लॉक हातातून सुटलं.

टिंग असा आवाज आला आणि मग काहीच नाही. तेल खाली उतरायची भोकं मी चिंध्यांनी बुजवली होती, पण एक चिंधी सरकलेली दिसली. लॉक त्यातून आत गेलं असेल तर संपलंच. आई चारला बॅग भरून बसणार, आणि मी फोन करून सांगणार, आज जमत नाही. आणि ती काय म्हणणार? "बरं." मी डोकं आत घालून, गाल इंजिनाला टेकवून शोधायला लागलो.

नेमकी तेव्हाच माझ्या उजेडात सावली आली. उभी राहिली. हलेना.

"ए, बाजूला हो उजेडातून," मी डोकं न उचलता ओरडलो. "सकाळपासून डोकं खाल्लंय नुसतं. मला इथे कुणी नकोय. जा घरी."

सावली लगेच सरकली. मला नवल वाटलं, एरवी खिडकी इतक्यात बंद होत नाही. दोन मिनिटांनी लॉक सापडलं, स्क्रूड्रायव्हरच्याच मुठीला ग्रीसमध्ये चिकटून बसलेलं. मी त्याला चार शिव्या दिल्या आणि पुढे लागलो.

पावणेतीनला आठवी स्प्रिंग बसली. दोरी बाहेर काढली, वॉल्व्ह दाबणारे रॉकर परत लावले, झाकण बसवलं, किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू. इतकं गुळगुळीत की बॉनेटवर चहाचा कप ठेवला असता तरी हिंदकळला नसता. मी आनंदाने एकटाच हसलो. साबणाने हात घासत होतो तेवढ्यात बायको आली आणि कुजबुजत म्हणाली, "आई झोपल्यात का?"

"कुणाची आई?"

"तुझी. दादांचा फोन आला होता दवाखान्यात. त्यांना दुपारी मीटिंग लागली, म्हणून बाराच्या पुढे त्यांनीच आईंना आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर सोडलं. तुला पाच फोन केले म्हणे, आईच सारखं म्हणत होत्या, त्याला आधी सांग, एकदम गेलेलं त्याला चालायचं नाही."

साबण तसाच टाकून शेजारी धावलो. चौकशी खिडकी डोळे चोळत बाहेर आला. अकरानंतर तो झोपलेला होता. आईला त्याने पाहिलंच नव्हतं. "का रे, काय झालं?" त्याने विचारलं.

गाडी काढली. दादाचं घर बंद. मावशी म्हणाली, इकडे नाही आली. बायको शेजारी बसून एकेक फोन लावत होती आणि मी एकेक रस्ता फिरत होतो. इंजिन झक्क चाललं होतं, आणि मला त्याच्यावर दगड घालावासा वाटत होता. शेवटी घराकडे परत वळलो, तर आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्यावरच्या बसथांब्यावर, बाकाच्या अगदी कडेला आई. मांडीवर बॅग. सुटलो तेव्हा मी तिच्या समोरूनच गेलो होतो, दुसऱ्या बाजूला बघत.

मी गाडी तशीच उभी टाकून धावलो. "आई, ते तुला नव्हतं. आईशप्पथ तुला नव्हतं. मला वाटलं, शेजारचा आहे. मी वर बघितलंच नाही."

"हो रे, कामात होतास," ती म्हणाली. "माझंच चुकलं, चारला म्हणालेलास तू."

"अगं, तीन तास इथे बसलीस? बस नाही मिळाली?"

"मिळत होत्या की. एक दादाकडे जाते, एक मावशीकडे." ती रस्त्याकडे बघत राहिली. "कुणाकडे कमी अडचण होईल, तेच ठरेना."

सगळ्यांना उत्तर देणारा मी, मला रडू आलं. बायकोने गाडीचं पुढचं दार उघडलं. मी वाकून आईची बॅग उचलायला गेलो, तर तिने पट्टा घट्ट धरून ठेवला होता.

"राहू दे," ती म्हणाली, "माझ्याजवळच असू दे."