तळव्यावरची टिचकी

इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं काम ती घरी बसूनच करायची, तेही बाळाच्या झोपेच्या कलाने. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका कोपऱ्यात उकळून पालथ्या घातलेल्या दुधाच्या बाटल्या, दुसऱ्या कोपऱ्यात 'जे' अक्षराचे कागद. त्या आठवड्यात तिच्या वाट्याला 'जेलसी' हा शब्द आला होता. संपादकबाईंचा एक दंडक होता. प्रत्येक अर्थाला एक वाक्य हवं आणि ते आपल्या घरातलं हवं, उसनं चालणार नाही. मत्सर, हेवा, जळफळाट यासाठी तिला फार लांब जावं लागलं नाही. 'धाकटा आल्यापासून थोरली जळते', असं लिहून तिने कागद पाठवून दिला.

थोरली म्हणजे ठकू. यंदाच शाळेत जायला लागलेली. पण सध्या ती घरी नव्हती, मावशीकडे होती.

बाळ दिवस भरायच्या आधीच आलं होतं. बरेच दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत राहून घरी आलं आणि ठकू त्याच्या पाळण्याला जी चिकटली ती चिकटलीच. बाळाचा डोळा लागला रे लागला की ही गजांतून हात घालायची आणि ते किंचाळत उठायचं. पायाचे तळवे लालबुंद. रागावून झालं, लाडीगोडी लावून झाली. "झोपू दे गं त्याला," म्हटलं की ठकू शहाण्यासारखी मान डोलवायची, आणि पाठ वळली की पुन्हा तेच. नवरा म्हणाला, हिच्या पोटात दुखतंय. बाळाला बघायला येणारा जो तो हेच सांगून जायचा. शेवटी ताई म्हणाली, काही दिवस दे माझ्याकडे, राग निवळला की ने. जाताना ठकू रडली नाही. दारात थांबून तिने एवढंच विचारलं, की आता बाळाजवळ कोण बसणार? आगाऊपणा नुसता, म्हणून दोघं नवरा-बायको हसली होती.

संपादकबाईंचा फोन आला. "पहिला अर्थ झकास. दुसरा कुठे सांडलात?"

मग त्यांनी तिला शब्दाची सगळी कुंडलीच मांडून दाखवली. मूळ ग्रीक, तिथे त्याचा अर्थ तळमळ, ध्यास. तिथून लॅटिन, मग फ्रेंच, मग इंग्रजी. उत्साहाला इंग्रजीत 'झील' म्हणतात, तो याचाच सख्खा भाऊ. फ्रेंचांनी तर तिरक्या पट्ट्यांच्या खिडकीलाही हेच नाव देऊन टाकलं, आतल्याने बाहेर बघावं आणि बाहेरच्याला आतला दिसू नये अशी ती खिडकी. आणि इंग्रजीत जुना अर्थ अजून टिकून आहे, एखादी गोष्ट डोळ्यात तेल घालून, जिवापाड जपणं. त्याचं वाक्य उद्यापर्यंत द्या, म्हणाल्या.

वाक्य काही सुचेना. चाळा म्हणून तिने ताईला फोन लावला, ठकूची खबर घ्यायला. ताई हसतच सुटली.

"तुझी लेक मला दुपारची आडवी होऊ देत नाही बाई. जरा डोळा लागला की तळपायाला टिचकी. मी काय ढगात जायला निघालेय?"

ती पुढे काय बोलली ते हिला ऐकूच आलं नाही.

दवाखान्यात बाळ मधेच श्वास घ्यायला विसरायचं. यंत्र वाजायचं, नर्स न गडबडता पेटीत हात घालायची, तळव्याला टिचकी मारायची आणि बाळ दचकून श्वास घ्यायचं. ठकूने बाबाच्या कडेवरून, काचेला नाक लावून ते पाहिलं होतं. असं का करता, म्हणून विचारलंही होतं. "विसरतो गं तो," नर्स म्हणाली होती, "आठवण करून द्यावी लागते."

घरी सोडण्याआधीच ते विसरणं थांबलं होतं. डॉक्टरांनी तसं आईबाबांना सांगितलं होतं. ठकूला मात्र कोणीच सांगितलं नव्हतं.

बाळाला कडेवर घेऊन ती तशीच ताईकडे गेली. ठकू पुढे आली, पण हात पाठीमागे बांधून.

"अजून विसरतो?"

"नाही गं राणी. घरी आणलं तेव्हाच ते थांबलं होतं."

ठकूने यावर बराच विचार केला. "मग मला का नाही सांगितलं?"

तिने लेकीला पोटाशी धरलं. ठकूने धरू दिलं, एवढंच. घरी चल म्हटल्यावर ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "पण तिथे आता माझं काय काम?" ताईने तोंड फिरवलं.

ठकू आली घरी. आईने संपादकबाईंना निरोप पाठवला, आधीचं वाक्य काढून टाका. दुसऱ्या अर्थाचं वाक्य मात्र तिला लिहवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ झोपलं. ठकू लांब भिंतीशी ठोकळे रचत बसली होती. आईने तिला हाक मारली, "ये ना, जवळ बस त्याच्या. हात लाव हवा तर."

ठकू आली, गजांतून एकदा आत पाहिलं. हात पाठीमागेच.

"झोपू दे गं त्याला," ती समजूतदारपणे म्हणाली आणि परत ठोकळ्यांकडे गेली.